हाड वाढू नये म्हणून गोळी?

प्रश्न : माझ्या यजमानांना पंचविशीपासून कण्याचा संधिवात आहे. डॉक्टर त्याला अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात. आता ते एकोणसाठ वर्षांचे आहेत. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा डावा खुबा बदलला. दुखणं थांबलं, पण पाय काही मोकळा झाला नाही. मोजे घालायलासुद्धा मी लागते. पुढे एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी नव्या सांध्याभोवतीचे पांढरे पट्टे दाखवले आणि तिथे जादा हाड तयार झाल्याचं सांगितलं. आता उजव्या खुब्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं आहे. या वेळी हाड वाढू नये म्हणून ऑपरेशननंतर लगेच इंडोमेथासिन सुरू करू, असं डॉक्टर म्हणाले. कोठीवरच्या औषधांच्या दुकानात विचारलं तर ते म्हणाले, ही तर साधी दुखण्याची गोळी. दुखण्याची गोळी हाड कसं थांबवेल? आणि थांबवत असेल, तर आहेत ती हाडं कमजोर नाही का होणार? शेजारच्या वहिनी म्हणतात, दूध आणि नाचणी बंद करा, कॅल्शियमनेच हाड वाढतं. दीर म्हणतात, यांचं लहानपण नलगोंड्याकडे गेलं, तिथल्या पाण्याचाच हा परिणाम. सासूबाईंचा सगळा भर मालिशवर आहे. कुणाचं ऐकावं?

— एक वाचक, हनुमान टेकडी, सुलतान बाजार, हैदराबाद

उत्तर : ताई, ऑपरेशनची तारीख जवळ आहे, म्हणून कामाचं आधी सांगतो. डॉक्टरांनी सुचवलेली गोळी योग्य कारणासाठी आहे आणि तुमच्या यजमानांसारख्या रुग्णासाठी ते कारण चांगलंच भक्कम आहे. दूध आणि नाचणी चालू ठेवा. मालिश खुब्याच्या आसपास अजिबात नको. आणि ऑपरेशनच्या आधीच्या भेटीत यजमानांना कधी अल्सर झाला होता का, मूत्रपिंडांची तपासणी कशी आहे, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला. ते विचारतीलच, पण तुम्हीही सांगा. आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ, कारण तो फार चांगला आहे.

हाड एकदा घडलं की तसंच राहतं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात शरीर जुनं हाड झिजवत आणि नवं रचत असतं, आयुष्यभर. हे रचण्याचं काम करू शकणाऱ्या पेशी फक्त हाडातच असतात असंही नाही. स्नायूंमध्ये, त्यांच्या आवरणांत, बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेला अशा पेशी असतात की ज्यांचं पुढे काय व्हायचं हे अजून ठरलेलं नसतं. जसा इशारा मिळेल तशा त्या वळतात. खुबा बदलताना या पेशींना हाडाच्या बाजूने वळवणारे इशारे भरपूर मिळतात. सर्जन मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कापून काढतो, कमरेच्या हाडातली वाटी किसून गोल करतो, मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतो. हे करताना स्नायू ताणले जातात, थोडे चेचले जातात. त्यांच्यात रक्त, मज्जा आणि हाडाचा बारीक भुगा सांडतो. सर्जन सगळं धुऊन काढतात, तरी काही अंश मागे राहतो.

हा भुगा निरुपद्रवी नसतो, हे कळलं ते १९६५ साली. लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांनी हाडातलं सगळं खनिज काढून टाकलं आणि उरलेला नरम तुकडा प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. काही आठवड्यांत स्नायूच्या आत नवं हाड तयार झालं. म्हणजे हाडाच्या गाभ्यातच 'हाड रचा' असा हुकूम देणारी प्रथिनं असतात. आज त्यांना बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन म्हणतात. ऑपरेशननंतरच्या सुजेत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, ती या हुकमाला आणखी जोर देतात. इंडोमेथासिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं नेमकी हीच रसायनं तयार होऊ देत नाहीत. लंडनच्या जॉन वेन यांनी १९७१ मध्ये हे दाखवून दिलं आणि त्या कामाला १९८२ चं नोबेल पारितोषिक मिळालं. दुखणं कमी होणं आणि नको तिथलं हाड थांबणं, ही दोन्ही कामं त्या एकाच रसायनाला अडवल्यामुळे होतात. दुकानदाराने सांगितलं ते चूक नव्हतं. त्या गोळीचं हे दुसरं काम त्याला माहीत नसावं.

या औषधाचा हा उपयोग कुणी आधी योजून शोधला नाही. खुब्याचं आधुनिक ऑपरेशन इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इथे जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये सुरू केलं. पुढच्या दहाएक वर्षांत ते जगभर पसरलं, तसे एक्स-रेवरचे पांढरे ढगही डॉक्टरांना दिसू लागले. १९७५ च्या सुमारास नॉर्वेतल्या दाल या डॉक्टरांनी लक्षात आणून दिलं की ऑपरेशननंतर दुखण्यासाठी इंडोमेथासिन घेतलेल्या रुग्णांत हे जादा हाड कमी दिसतं. मग त्यावर रीतसर चाचण्या झाल्या आणि निरीक्षण खरं ठरलं. त्या आधी, पहिल्या महायुद्धात, कण्याला गोळी लागून कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांच्या खुब्यांभोवती असंच हाड तयार होत असल्याचं पॅरिसमध्ये देजरीन आणि सेलिए यांनी १९१८ मध्ये नोंदवलं होतं. त्यांच्यावर खुब्याचं कोणतंही ऑपरेशन झालेलं नव्हतं. कणा किंवा मेंदू जखमी झाल्यावर स्नायूत हाड का तयार होतं, याचा पूर्ण उलगडा आजही झालेला नाही.

आता वेळेचं गणित. माझ्या मते या विषयात लक्षात ठेवावी अशी हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. पेशींनी हाडाच्या बाजूने वळायचं की नाही, हे ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ठरतं. एक्स-रेवर काही दिसायला तीन ते सहा आठवडे लागतात, आणि ते हाड पूर्ण पिकायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. गवंड्यांनी चुकून दुसऱ्याच्या प्लॉटवर पाया खणायला घेतला तर त्यांना पहिल्याच दिवशी हटकता येतं. भिंत उभी राहिल्यावर ती पाडावीच लागते. गोळीचंही तसंच आहे. ती ऑपरेशननंतर चोवीस तासांच्या आत सुरू करतात. महिन्याभराने पाय आखडल्यासारखा वाटला म्हणून तीच गोळी सुरू केली, तर हाडावर तिचा काही उपयोग होत नाही. तयार झालेलं हाड कोणतीही गोळी विरघळवत नाही. म्हणून डाव्या खुब्यासाठी आता ती घेण्यात अर्थ नाही आणि उजव्यासाठी ती पहिल्या दिवसापासून हवी.

जुनी पद्धत अशी की पंचवीस मिलिग्रॅमची इंडोमेथासिन दिवसातून तीनदा, सहा आठवडे. नंतरच्या अभ्यासांत एक ते दोन आठवड्यांचा छोटा कोर्सही पुरतो असं दिसलं, त्यामुळे बरेच सर्जन आता तेवढाच देतात. काही जण सेलेकॉक्सिब वापरतात. ते पोटाला थोडं सौम्य असतं आणि रक्त गोठण्यात अडथळा आणत नाही. कोणतं औषध, किती दिवस, हे तुमच्या सर्जनने ठरवायचं आहे. मी हे आकडे देतो ते एवढ्यासाठी की कोर्स ठरलेल्या दिवसांचा असतो, आयुष्यभराचा नसतो, हे तुमच्या मनात पक्कं व्हावं.

आहेत ती हाडं कमजोर होतील का, हे तुम्ही विचारलंत. काही आठवड्यांच्या कोर्सने अंगातली बाकीची हाडं ठिसूळ होत नाहीत. पण तुमची शंका निराधार नाही. ज्यांचं हाड मोडलेलं असतं आणि जुळायचं असतं, त्यांच्या बाबतीत ही गोळी खरोखर आडवी येते. खुब्याची वाटी फुटलेल्या रुग्णांना, दुसरं एखादं लांब हाडही मोडलेलं असताना, इंडोमेथासिन दिली गेली, तेव्हा काय झालं याचा एक अमेरिकन अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी घेतलेल्यांपैकी २६ टक्क्यांचं ते हाड जुळलं नाही. न घेतलेल्यांत हेच प्रमाण ७ टक्के होतं. यजमानांचं दुसरं कोणतंही हाड अलीकडे मोडलेलं असेल तर ते सर्जनना सांगायलाच हवं.

वहिनींची काळजी समजते, पण त्यांचा सल्ला मानू नका. सांध्याभोवती जमतो तो कॅल्शियमचा नुसता थर नसतो. ते खरंखुरं हाड असतं. त्यात पेशी असतात, रक्तवाहिन्या असतात, पुढे त्याच्या आत मज्जाही तयार होते. ते कुठे घडायचं हे पेशींना मिळालेला इशारा ठरवतो, दुधाचा पेला ठरवत नाही. उलट यजमानांच्या आजारात कण्याची हाडं आतून विरळ होण्याचा धोका असतो, आणि नवा सांधाही बळकट हाडातच नीट धरतो. आपल्या तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. आपल्या घरांतला रोजचा आहार अनेकदा तेवढं देत नाही. नाचणीची भाकरी बंद करू नकाच.

मग ही गोळी खुबा बदललेल्या प्रत्येकाला का देत नाहीत? या प्रश्नावर थोडं थांबावंसं वाटतं, कारण त्याचं उत्तर औषधाकडे कसं पाहावं हेच शिकवतं.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात अशा अठरा चाचण्यांमधले पावणेपाच हजारांवर रुग्ण एकत्र मोजले गेले. ऑपरेशनच्या काळात ही औषधं घेतली तर जादा हाडाचा धोका निम्मा ते दोन तृतीयांश कमी होतो, असं त्यात दिसलं. रक्त पातळ ठेवण्यासाठी देतात त्या कमी ताकदीच्या ॲस्पिरिनचा मात्र असा उपयोग दिसला नाही. हे वाचून कुणालाही वाटेल, द्या सगळ्यांना. पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला : एक्स-रे चांगला दिसतो, पण माणसाला बरं वाटतं का? त्यांनी खुबा बदललेल्या ९०२ रुग्णांना दोन गटांत विभागलं. एका गटाला चौदा दिवस रोज १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधाविना गोळी. निकाल २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. औषधाच्या गटात जादा हाड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतं. पण सहा ते बारा महिन्यांनी दुखणं आणि चालणं-फिरणं पाहिलं, तर दोन्ही गट सारखेच. आणि रुग्णालयात असतानाचा मोठा रक्तस्राव औषधाच्या गटात जवळपास दुप्पट.

याचं कारण असं की बहुतेकांच्या खुब्याभोवती तयार होणारं हाड थोडकं असतं. बाल्टिमोरच्या ब्रुकर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्याचे चार टप्पे पाडले, ते आजही वापरतात. पहिल्यात हाडाची सुटी बेटं दिसतात. दुसऱ्यात वरून-खालून काटे वाढतात, पण मध्ये किमान एक सेंटिमीटर मोकळी जागा असते. तिसऱ्यात ती जागा एक सेंटिमीटरपेक्षा कमी उरते आणि चौथ्यात दोन्ही बाजू जुळून सांधा जखडल्यासारखा दिसतो. पहिल्या दोन टप्प्यांतल्या माणसाला बहुधा काही जाणवतही नाही. पाय आखडतो तो तिसऱ्या-चौथ्यात, आणि तिथवर जाणारे रुग्ण थोडे. त्या थोड्यांसाठी सगळ्यांनाच रक्तस्रावाच्या धोक्यात घालणं बरोबर नाही. म्हणून आज बहुतेक ठिकाणी ज्यांना धोका जास्त त्यांनाच निवडून औषध देतात. मला ही दिशा पटते.

औषधाचा गुण आणि अवगुण दोन्ही मोजायचे, ही गोष्ट तुमच्या परिसराला नवी नाही. सुलतान बाजारात पूर्वी ब्रिटिश रेसिडेन्सीचा दवाखाना होता. एडवर्ड लॉरी हे इथले रेसिडेन्सी सर्जन आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख. भूल देण्यासाठी वापरत त्या क्लोरोफॉर्मने हृदय बंद पडतं की श्वास, यावर तेव्हा जगभर वाद होता. लॉरींच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. दुसऱ्यासाठी निजामाने हजार पौंड दिले आणि लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून निष्कर्ष काढला गेला की धोका श्वासाचा आहे, हृदयाचा नाही. त्याच मेडिकल स्कूलमध्ये शिकून १८८९ मध्ये बाहेर पडलेल्या रूपाबाई फर्दुनजी पुढे क्लोरोफॉर्म देण्याच्या कामात नावाजल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं, आणि या रेसिडेन्सीच्या दवाखान्यातही त्यांनी काम केलं. कमिशनचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की हलक्या भुलेत क्लोरोफॉर्म हृदयाची लय अचानक बिघडवू शकतो. इतकी मेहनत, इतका पैसा, इतकी प्रामाणिक माणसं, आणि तरी उत्तर अपुरं. मला त्या लोकांबद्दल आदर वाटतो. औषधावर विश्वास ठेवण्याआधी ते तपासलं पाहिजे, आणि तपासलेलंही पुन्हा तपासलं पाहिजे, हे या शहराने फार लवकर अनुभवलं आहे.

आता यजमानांकडे वळू. ज्यांना धोका जास्त त्यांच्या यादीत ते दोन कारणांनी बसतात. एका खुब्याभोवती हाड तयार झालं असेल, तर दुसऱ्या खुब्यात तसं होण्याची शक्यता बरीच वाढते. आणि अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये शरीराचा कलच हाडं जोडणाऱ्या बंधांच्या जागी हाड रचण्याकडे असतो. कण्याचे मणके एकमेकांना जुळतात ते त्यामुळेच. शिवाय हे हाड बायकांपेक्षा पुरुषांत जास्त आढळतं. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलतात तो मुख्यतः उतारवयातल्या झिजेमुळे. आपल्याकडे त्यासाठी येणाऱ्यांत तरुण आणि मध्यमवयीन पुष्कळ असतात : खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेले, अपघातात वाटी फुटलेले, आणि तुमच्या यजमानांसारखे सांध्यांच्या आजाराचे. पंजागुट्ट्याचं निम्स रुग्णालय १९६४ मध्ये सुरू झालं ते निजाम्स ऑर्थोपेडिक हॉस्पिटल म्हणून, केवळ हाडांसाठी. या शहराला हाडांच्या मोठ्या ऑपरेशनांची साठ वर्षांची सवय आहे, आणि तुमच्या सर्जनने डाव्या बाजूचा अनुभव लक्षात ठेवून आधीच तजवीज केली, हे चांगलं लक्षण आहे.

कण्याच्या संधिवातात इंडोमेथासिन गेली कित्येक दशकं वापरात आहे, त्यामुळे यजमानांनी ती पूर्वी कधी घेतलीही असेल. 'ही तर आपली ओळखीची गोळी' म्हणून मात्र गाफील राहू नका. ऑपरेशननंतरचे दिवस वेगळे असतात. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून साधारण पाच आठवडे रक्त पातळ ठेवणारं औषध देतात. त्याच्या जोडीला ही गोळी आली की पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून सोबत पँटोप्राझोलसारखं पोटाचं औषध देतात. ते सकाळी नाश्त्याच्या आधी घ्यायचं असतं आणि इंडोमेथासिन जेवल्यानंतर. शौच डांबरासारखं काळं झालं, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, लघवी एकदम कमी झाली किंवा पायांवर सूज आली, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना कळवा. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखं औषध आणि लघवीचं औषध दोन्ही चालू असतील, तर मूत्रपिंडांवर तिहेरी ताण येतो. त्यांचं क्रिएटिनिन तपासायला सांगा.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. ऑपरेशननंतर घरी आल्यावर रात्री दुखलं की घरातलं कुणीतरी कोठीच्या एखाद्या दुकानातून दुखण्याची आणखी एक पट्टी आणतं. त्या पट्टीत बहुधा डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असतं, म्हणजे इंडोमेथासिनचीच भावंडं. दोन एकदम घेतल्याने हाड जास्त थांबत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. वरून लागलंच तर नुसतं पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांना विचारून. आणि उलट बाजूने, पॅरासिटामॉलने दुखणं थांबलं म्हणून ठरलेली इंडोमेथासिन आपल्या मनाने बंद करू नका. दुखत नसलं तरी तिचं काम चालू असतं. ती बंद करायची वेळ आलीच तर ते डॉक्टरांना ठरवू द्या.

पोटामुळे किंवा मूत्रपिंडांमुळे यजमानांना ही गोळी चालणार नसेल, तर दुसरा उपाय आहे. मेयो क्लिनिकच्या मार्क कॉव्हेंट्री यांनी १९८१ मध्ये खुब्याभोवती किरणोपचार देऊन हाड थांबवता येतं हे दाखवलं. आज त्यासाठी सात ते आठ ग्रेची (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) एकच मात्रा पुरते. ती ऑपरेशनच्या आधीच्या चोवीस तासांत किंवा नंतरच्या बहात्तर तासांत द्यावी लागते. हे यंत्र कर्करोगाच्या विभागात असतं, त्यामुळे तुम्हाला रेड हिल्सच्या एमएनजे कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी पाठवलं गेलं, तर घाबरून जाऊ नका आणि नातेवाइकांना आधीच नीट समजावून सांगा. ही मात्रा कर्करोगावर देतात त्यापेक्षा खूपच कमी असते. तरुण रुग्णांत डॉक्टर ती जपून वापरतात.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि एवढंच म्हणा, की हातापायांवरून मायेने तेल फिरवा, खुबा आणि मांडीचा वरचा भाग सोडून. ऑपरेशन झालेल्या सांध्याभोवतीचे स्नायू जोराने रगडणं किंवा पाय दुसऱ्याने खेचून ताणणं यामुळे आत पुन्हा इजा होते, आणि हाड रचण्याचे इशारे सुरू व्हायला इजाच तर कारण असते. कोपराजवळ मार लागल्यावर मुलांना मालिश करवून आणतात आणि स्नायूत हाड धरून कोपर कायमचं आखडतं, हे आपल्या देशातल्या हाडांच्या डॉक्टरांना चांगलं परिचयाचं आहे. पारंपरिक पद्धतीने हाडं बसवणाऱ्यांच्या 'पुत्तूर कट्टू'च्या पाट्या तुम्ही हैदराबादेत पाहिल्या असतीलच. तिथल्या लोकांचं कौशल्य काहीही असो, धातूचा सांधा बसवलेला खुबा त्यांच्या हाती देऊ नये. फिजिओथेरपिस्ट शिकवेल ते व्यायाम यजमानांनी स्वतःच्या ताकदीने, दुखेल त्याच्या अलीकडे थांबून करावेत. आणि खाली मांडी घालून, उकिडवं बसायला किंवा पाटावर जेवायला मनाई केली असेल, तर ती सांधा निसटू नये म्हणून आहे. त्याचा जादा हाडाशी संबंध नाही.

दिरांचा तर्क मात्र मला आवडला. नलगोंडा जिल्ह्यातल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आणि त्यामुळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोकांची हाडं बिघडली, हे खरं आहे. त्या आजारात बंध आणि स्नायूंची टोकं हाडासारखी कडक होतात, पाठ ताठते, आणि एक्स-रे न पाहिलेल्या माणसाला तो कण्याचा संधिवातच वाटावा. पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढायची पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने बसवली आणि तिला नावच 'नलगोंडा तंत्र' मिळालं. पण फ्लोराइडचा परिणाम वर्षानुवर्षांच्या पाण्यातून साऱ्या सांगाड्यावर हळूहळू होतो. यजमानांच्या डाव्या खुब्याभोवती जे झालं ते एका ऑपरेशननंतर, एका जागी, वर्षाच्या आत झालं. दोन्ही एकच नव्हेत, आणि सूज उतरवणाऱ्या गोळीचा फ्लोराइडच्या आजारावर उपयोगही नाही. लहानपण त्या भागात गेल्याचं सर्जनना सांगायला हरकत नाही. ते कण्याचे आणि हाताचे एक्स-रे त्या नजरेने पाहतील.

राहिला डावा खुबा. तिथलं हाड आता पूर्ण पिकलेलं आहे. ते काढायचं तर ऑपरेशनच लागतं, आणि नऊ वर्षांनी ते करता येतं, कारण कच्चं हाड काढलं तर पुन्हा वाढण्याची भीती जास्त असते. पण त्यात रक्त बरंच जातं, आणि नंतर पुन्हा हीच गोळी किंवा किरणं द्यावी लागतात. उजवा पाय मोकळा झाल्यावर यजमानांचं रोजचं जगणं किती सुधारतं ते आधी पाहावं आणि मग डाव्याचा विचार करावा, असं मला वाटतं. पुढच्या भेटीला जाताना डाव्या खुब्याचे जुने सगळे एक्स-रे बरोबर न्या. तिथलं हाड ब्रुकरच्या कोणत्या टप्प्यातलं आहे हे विचारा. उजव्याची गोळी कोणत्या दिवशी सुरू होऊन कोणत्या दिवशी थांबेल, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून मागा, आणि सहा आठवडे, सहा महिने व वर्षाने एक्स-रे काढण्याच्या तारखा तिथेच ठरवून घ्या.